फेनविकचा डुक्करपाटील

आमच्या फेनविकात नव्या नवऱ्याला गाव काय आहेर करतं, हे जेरेड ट्विचेल वकिलांना कोणी सांगायला नको होतं. तो आहेर वर्षानुवर्षं त्यांच्याच तोंडून जाहीर व्हायचा. मार्च महिन्यात गावसभा भरायची आणि गेल्या सभेनंतर ज्या गड्यानं लग्न केलं असेल त्याला सगळं गाव एकमुखानं डुक्करपाटील निवडायचं. डुक्करपाटलाचं काम काय, तर उन्हाळाभर मोकाट सुटलेल्या डुकरांमागे धावायचं, त्यांना धरून कोंडवाड्यात घालायचं, ज्या डुकराच्या मानेत जू नाही नि नाकात कडी नाही त्याला ती बसवायची, आणि हे करताना गावानं दात काढले की आपणही काढायचे. शाळामास्तर असो, डॉक्टर असो, कोणाची सुटका नाही. पाद्रीबाबांच्या जावयालासुद्धा गावानं सोडलं नव्हतं. तो बिचारा ग्रीक शिकलेला होता, पण डुकरांना ग्रीक येत नव्हतं.

नाव सुचवायला उठायचे ते ट्विचेल वकील. आणि नुसतं नाव सुचवून खाली बसतील तर ते वकील कसले! कोटाची बटणं लावायची, घसा साफ करायचा, आणि मग, "गृहस्थहो, ज्या पुरुषानं आपली मान आपण होऊन बायकोच्या हाती दिली, त्याच्याइतका जू बसवण्यातला जाणकार आपल्याला दुसरा कुठे मिळणार?" गाव बाकांवर मुठी आपटून हसायचं. नव्या नवऱ्याचे कान लालभडक व्हायचे. आणि मागून कोणीतरी हमखास म्हणायचं, "काय बोलतो हो आपला वकील! असा माणूस कॉन्कर्डला पाहिजे."

तर असं बोलत बोलतच ते कॉन्कर्डला, राज्याच्या विधिमंडळात, जाऊन पोचले होते. बापाची शेती होती, पण त्या शेतात मुख्य पीक दगडांचं. मधूनमधून मका यायचा. जेरेडनं ते दगड उचलून उचलून कुंपणं रचली आणि एक दिवस ठरवलं, की यापुढे जीभ सोडून काही उचलायचं नाही. एक हिवाळा शाळेत शिकवलं. मग एका म्हाताऱ्या वकिलाकडे कायदा शिकायला राहिले. तिथे तीन वर्षं कायद्यापेक्षा लाकडंच जास्त फोडली, पण राज्यात सगळेच वकील असेच तयार होत होते, त्यामुळे कोणी कोणाला हसायची सोय नव्हती.

पहिला खटला मिळाला मेंढीचा. एकच मेंढी, दोन मालक. ट्विचेल वकील असे काही बोलत राहिले, की खटला चालू असतानाच ती मेंढी अंगणात व्याली, आणि कोकरू कोणाचं हा दुसरा खटलाही त्यांनाच मिळाला. तिथून नशीब उघडलं. आधी गावचे न्यायाधीश झाले, मग विधिमंडळात फेनविकचे प्रतिनिधी. कावळे मारणाऱ्याला बक्षीस द्यावं की नाही यावर त्यांनी कॉन्कर्डला केलेलं भाषण अजून लोक आठवतात. अर्थात कावळे काही कमी झाले नाहीत. पण भाषण झालं.

आता यंदा त्यांना सिनेटर व्हायचं होतं. मार्चच्या त्याच सभेत, दुपारी जेवणं झाली की, राज्याच्या जागांसाठी मतं पडायची. समोर उभे होते कॅप्टन फिनिअस कोल्बर्न. यांची पाण्यावर चालणारी पिठाची चक्की, पोट मोठं, मन त्याहून मोठं, आणि डोकं बेताचं. पन्नाशीला टेकले तरी ब्रह्मचारीच. त्यांच्यापुढे वकिलांचं पारडं चांगलं जड होतं. सगळं जुळून आलं होतं, आणि नेमकं अशा वेळी वकिलांनी काय करावं? वकील प्रेमात पडले.

बावन्न वर्षांचा विधुर, गुडघा दुखतो, झोपताना डोक्याला लोकरी टोपी लागते, आणि प्रेमात! बाई होती ड्रुसिला हॅझन. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. गावातली एकमेव खानावळ तिची, वाटसरूंची उतरायची सोयही तिथेच. तिच्या घेवड्याच्या हंडीला आणि सफरचंदाच्या दारूला नदीपलीकडून लोक यायचे. आणि तोंड असं, की ज्याला हिशेबात राहायचं कळत नाही त्यालाही ती राहायला लावायची. वकील तिच्याकडे कामाचे कागद घेऊन जेवायला जायचे. हळूहळू कागद घरी राहायला लागले.

लग्न करायचं म्हणजे आमच्याकडे आधी तीन रविवार प्रार्थनेच्या वेळी सगळ्या गावापुढे नावं पुकारली जातात. वकिलांच्या डोळ्यांपुढे लगेच मार्चची सभा उभी राहिली. ज्यांना ज्यांना त्यांनी डुकरांमागे धाडलं होतं ते सगळे बाकांवर बसून हात चोळताहेत असं त्यांना स्वप्नात दिसायला लागलं. डुकराच्या मागे चिखलात पडलेल्या माणसाला सिनेटवर कोण पाठवणार?

"अगं, महिन्याभराचा प्रश्न आहे," ते ड्रुसिलाला म्हणाले. "नदी गोठलीय. बर्फगाडीनं पलीकडे व्हरमाँटमध्ये जाऊ, तिथल्या न्यायाधीशापुढे लग्न लावू. तिथे आपल्याला कोण ओळखतं? सभा होऊन जाऊ दे. मी निवडून आलो, की भर दिवसा वाजतगाजत तुला घरी नेतो. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ झाकायची तर त्यात माझा हात कशाला हवाय तुम्हाला?" ड्रुसिला म्हणाली. पण तिचाही जीव होता त्यांच्यावर. तीही माणूसच. फेब्रुवारीत एका सकाळी दोघं नदी ओलांडून गेले आणि नवराबायको होऊन परत आले. येताना वकील मफलरात नाकापर्यंत तोंड लपवून बसले होते. ड्रुसिलाला वाटलं, थंडी वाजतेय. मग तिच्या लक्षात आलं, की थंडी नाही. तेव्हापासून ती थोडी गप्प झाली होती. वकिलांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांचं लक्ष मतांकडे होतं.

सभेचा दिवस उजाडला. रस्त्यात बर्फाचा नुसता रेंदा झाला होता. सभाघरात ओल्या लोकरीचा नि तंबाखूचा वास भरला होता. सभापती होते चर्चचे डीकन ऑरिन शॅटक, देवमाणूस, पण एकेक वाक्य असं सावकाश बोलायचे की दोन शब्दांच्या मधे माणूस पाईप पेटवून घेई. मागे दाराशी ड्रुसिलानं गावच्या जेवणासाठी टेबल मांडलं होतं. घेवड्याची हंडी, मक्याचा पाव, खारवलेलं डुकराचं मांस. बायकांना सभेत मत नसतं, पण जेवण त्यांच्याशिवाय होत नाही, त्यामुळे त्या दाराशी असतात आणि सगळं ऐकतात.

सकाळची कामं रुटूखुटू उरकली. डीकन म्हणाले, "आता... खानावळीचा परवाना. हॅझनबाईंचा. दरवर्षीप्रमाणे... चालू ठेवायचा ना?"

"एक मिनिट," एनोस पिंगरी उठला.

हा पिंगरी लाकडी पिंपं बनवायचा. राहायला खानावळीच्या बरोबर समोर. याच्या तोंडात तीळ भिजत नाही आणि याच्या खिडकीला पडदा नाही. "मला कोणाबद्दल वाईट बोलायचं नाही," तो म्हणाला, आणि ज्याअर्थी अशी सुरुवात केली त्याअर्थी आता काय येणार हे सगळ्यांना कळलं. "पण उजाडताना, एकदा नाही, पुष्कळदा, खानावळीच्या मागच्या दारानं एक पुरुष बाहेर पडताना मी पाहिलाय. टोपी खाली, मफलर वर. ही प्रतिष्ठित खानावळ आहे की काय आहे? असल्या घराला गावानं परवाना द्यायचा का?"

मग सगळ्या माना एकदम मागे वळल्या. ड्रुसिला हंडीत पळी फिरवत होती. तिचा हात थांबला नाही. तिनं फक्त एकदा वकिलांकडे पाहिलं.

चोराच्या मनात चांदणं! आता उठून एक वाक्य बोललं की झालं, हे वकिलांना कळत होतं. पण जन्मभराची सवय अशी, की उठल्यावर तोंडातून वाक्य यायच्या आधी युक्तिवाद यायचा.

"सभापतीमहाराज!" ते गरजले. "एका अब्रूदार बाईवर चिखलफेक होत असताना मी गप्प बसणार नाही! पिंगरी, पुरावा काय? उजाडताना म्हणजे किती उजाडलं होतं?"

"दिसण्याइतपत."

"धुकं?"

"होतं."

"धुक्यात तुला माणूस दिसला. उद्या म्हणशील देवदूत दिसला. तो माणूसच होता कशावरून? गाय असेल."

"गायीला मफलर?" पिंगरी म्हणाला. गाव हसलं.

"बरं, माणूस. मग तो खानावळीत उतरलेला वाटसरू असेल! खानावळीतून वाटसरू बाहेर पडणार नाही तर काय दीपगृहातून पडणार?" वकिलांना जोर चढला. "विचारा बाईंना! त्या दिवसांत कोणी वाटसरू उतरला असेल की नाही?"

डीकननी मागे पाहिलं. "हॅझनबाई... होता का... कोणी?"

आता कोणतीही शहाणी बाई 'होता' म्हणून मोकळी झाली असती. पण ड्रुसिलानं आयुष्यात दारूत पाणी घातलं नव्हतं आणि बोलण्यातही घालत नव्हती. "नाही," ती म्हणाली. "रस्ता बंद होता. महिनाभर कोणी उतरलं नाही."

"ऐकलंत?" पिंगरी म्हणाला.

वकील एकदम आगीतून फुफाट्यात. "मग... मग डॉक्टर असेल! बाईंना बरं नसेल!"

"मी नव्हतो हो," डॉक्टर लांबून ओरडला. "माझी बायको इथे दाराशी उभी आहे, उगाच माझं नाव नको."

"मग लाकडं टाकणारा!"

"लाकडं मीच टाकतो," तिसऱ्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "आणि मी दुपारी टाकतो."

बघता बघता वकिलांनी एकेक करून गावातले सगळे निरपराध पुरुष बाजूला काढले. असं काम सरकारी वकिलालाही जमलं नसतं. जितकं ते बाईंना सोडवायला जात होते तितका फास आवळत होता. लोकांची कुजबुज वाढली. बायकांमधली एक ड्रुसिलापासून जराशी सरकून उभी राहिली. वकिलांनी ते पाहिलं. पण लगेच दुपारची मतपेटी डोळ्यांसमोर आली. 'अजून एक मुद्दा आहे,' त्यांनी स्वतःला सांगितलं. 'एकच मुद्दा, आणि सगळं मिटतं.'

तेवढ्यात बाक करकरलं आणि कॅप्टन कोल्बर्न उभे राहिले.

"मला काय बोलता येत नाही," कॅप्टन म्हणाले. "पण हे बरं दिसत नाही. बाई चांगली आहे. हंडी चांगली करते. कोणीतरी नालायक तिला फसवून, पहाटेचा चोरासारखा पळून जातो, आणि आपण सगळे बसून तिला बोलतोय. मी म्हणतो तो माणूस असेल तर त्यानं आत्ता उभं राहावं."

कोणी उभं राहिलं नाही. वकील उभेच होते, पण ते युक्तिवादासाठी.

"बघा! आहे का हिंमत?" कॅप्टननी बाकांवरून नजर फिरवली. "ठीक आहे. मग मी एकटाच आहे. चक्की आहे, घर आहे, घरात उंदीरसुद्धा कंटाळलेत. बाईंची हरकत नसेल तर मी त्यांच्याशी लग्न करतो. पाद्रीबाबा बसलेच आहेत. परवाना चालू ठेवा. आणि तो माणूस मला कधी सापडला, तर त्याला धरून चक्कीच्या तळ्यात बुडवीन!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! म्हातारे उठून उभे राहिले. पिंगरीसुद्धा डोळे पुसायला लागला. कॅप्टनला यात मतं दिसत नव्हती हो, तो माणूस तसा नव्हताच. मनात येईल ते बोलणारा भोळा जीव. पण दुपारची मतं डोळ्यांदेखत तिकडे चालली होती, आणि वकिलांना मात्र आयुष्यात पहिल्यांदा मतं दिसत नव्हती. त्यांना दिसत होती ड्रुसिला. तिनं पळी खाली ठेवली होती, अंगावरचा एप्रन सोडला होता, आणि शालीची गाठ बांधत होती. ती कॅप्टनकडे बघत नव्हती, वकिलांकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती.

"हरकत आहे!" वकील ओरडले.

"कसली?" डीकननी विचारलं. "कॅप्टन लग्न... करतोय. त्यात तुमची... काय हरकत?"

"कायद्याची हरकत! या बाईंना लग्न करता येणार नाही. या बाईंचं लग्न झालेलं आहे!"

"हॅझन जाऊन... वर्षं झाली, वकीलसाहेब."

"हॅझनशी नाही हो!"

"मग... कोणाशी?"

वकिलांनी तोंड उघडलं. मिटलं. कोटाची बटणं चाचपली. घसा साफ केला. आणि मेंढीपासून कावळ्यांपर्यंत अखंड बोलत आलेल्या त्या माणसाच्या तोंडून तीन शब्द बाहेर आले. "माझ्याशी. तो मी."

कॅप्टन कोल्बर्न हळूच खाली बसले. "मग तळ्याचं राहू द्या," ते पुटपुटले.

डीकन शॅटक मात्र विचार करत होते. त्यांच्या चेहऱ्यावर विचार हा पहाटेसारखा यायचा, आधी एका बाजूनं. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "हे लग्न... कधी झालं?"

"फेब्रुवारीत."

"याच... फेब्रुवारीत?"

"याच."

"म्हणजे..." डीकननी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे गेल्या मार्चच्या सभेच्या... नंतर."

सगळ्यांत आधी पाद्रीबाबांच्या जावयाला कळलं. ग्रीक शिकलेला तो माणूस बाकावर चढला, दोन्ही हात वर केले, आणि कोंडवाड्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "डुक्करपाटील!"

मग काय विचारता! शाळामास्तर ओरडला, डॉक्टर ओरडला, गेल्या बारा वर्षांतले सगळे नवरे ओरडले. बाकं हादरली. कोणी टोप्या उडवल्या. कोणी 'हुर्र्, हुर्र्' करून डुकराचा आवाज काढला. लाकडं टाकणारा उठून म्हणाला, "गृहस्थहो, ज्या पुरुषानं आपली मान आपण होऊन..." आणि पुढचं हसण्यात बुडून गेलं. वकिलांची सगळी भाषणं गावाला पाठ होती. बोलणारा एक असतो, लक्षात ठेवणारे शंभर.

डीकननी हातोडा आपटून आपटून गाव शांत केलं. डीकन न्यायाचा माणूस. "ऐका. विधिमंडळाच्या प्रतिनिधीला... गावच्या कामातून सूट असते. कायदा आहे. वकीलसाहेब, तुम्ही... म्हणालात, तर मी हे नाव... काढतो. बोला."

कलम वकिलांच्या जिभेवर होतं. त्याचा आकडा, त्याचं पोटकलम, सगळं. एक वाक्य, की डुकरं सुटली, हसू सुटलं, दुपारची मतंही कदाचित सावरता आली असती. त्यांनी वाक्य जुळवायला घेतलं, आणि मागे दाराशी पाहिलं.

ड्रुसिला अजून तिथेच होती. शालीची गाठ बांधून झाली होती. ती त्यांच्याकडे बघत होती, पण कशी, तर खानावळीत गिऱ्हाईक उठायला लागलं म्हणजे ती बघायची तशी. जायचं असेल तर जा, बसायचं असेल तर बस.

आणि वकिलांना भीती वाटली. पिंगरीची नाही, कॅप्टनची नाही, हसणाऱ्या गावाची तर नाहीच, वाटली ती त्या नजरेची. या गावात आजवर ज्यानं ज्यानं बायको केली त्यानं डुकरं धरली होती. शाळामास्तरनं धरली, पाद्रीबाबांच्या जावयानं धरली, खुद्द डीकननी तरुणपणी धरली होती. डुकरांना नाही म्हणायचं म्हणजे गावापुढे म्हणायचं, की हे लग्न तसलं नाही, हे जरा बाजूला ठेवा. महिनाभर ते हेच तर म्हणत आले होते. लाज वाटली त्यांना स्वतःची. भर सभेत, उभ्या उभ्या, चांगलीच वाटली.

"सूट नको," ते म्हणाले. "मला मंजूर आहे."

"काय?"

"डुक्करपाटीलकी मंजूर आहे मला! शपथ आणा!"

मग हात वर करून, ईश्वराला स्मरून, फेनविकची मोकाट डुकरं पक्षपात न करता धरीन, कोणाची मोठी कोणाची लहान असं न बघता नाकात कडी घालीन, अशी शपथ जेरेड ट्विचेल यांनी घेतली. विधिमंडळाची शपथ घेतानाही त्यांचा आवाज असा कापला नव्हता. पिंगरी पुढे आला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, माझीच दोन मोकाट असतात. मी आधीच सांगून ठेवतो." परवाना एकमतानं चालू राहिला. मग गाव जेवायला बसलं, आणि मघाशी सरकून उभी राहिलेली बाई सगळ्यांत आधी ड्रुसिलाच्या हातून ताट घ्यायला आली. ड्रुसिलानं तिला घेवडा वाढला, पण मांसाचा तुकडा वाढला नाही.

दुपारी मतं पडली. सिनेटरकीला कॅप्टन कोल्बर्न निवडून गेले. वकिलांना वाटलं होतं त्याहून कितीतरी जास्त मतांनी गेले. लाकडं टाकणारा मत टाकून येता येता वकिलांजवळ थांबला. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

"राग नका धरू, वकीलसाहेब. मी तुम्हालाच देणार होतो."

"मग का नाही दिलंस रे बाबा?"

"असं बघा. विधिमंडळ भरतं जूनमध्ये. आणि जूनमध्येच डुकरं मक्यात शिरतात. तुम्ही तिकडे कॉन्कर्डला गेलात तर इकडे धरणार कोण? कॅप्टन काय, ते गेले तरी चालतं. त्यांचं इथे काही अडत नाही."

यावर उत्तर तुम्हाला सुचत असेल तर बघा.

सभा उठली तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. कॅप्टन लोकांच्या खांद्यावर होते आणि घाबरून 'खाली ठेवा, खाली ठेवा' म्हणत होते. वकील सभाघरामागे घोड्यांच्या पडवीकडे गेले. एकटं उभं राहून जरा श्वास घ्यायचा होता. तिथे ड्रुसिलाची बर्फगाडी होती. घोडा जोडलेला होता. आणि मागच्या बाजूला एक मोठी लाकडी पेटी दोरखंडानं घट्ट आवळून बांधलेली होती.

ड्रुसिला घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभी होती.

"कुठे निघालीस?" वकिलांनी विचारलं.

"निघाले होते."

"कुठे?"

"बहिणीकडे. नदीपलीकडे. बर्फ अजून आठवडाभर तरी पेलेल म्हणतात."

"कधी ठरवलंस?"

"आज सकाळी. पिंगरी काहीतरी बोलणार हे बायकांत कालच फुटलं होतं." ती अगदी साधेपणानं सांगत होती, दूध नासलं असं सांगावं तसं. "म्हटलं, हे बोलले तर पेटी उतरवू. नाही बोलले तर जेवणं वाढू, हंडी घासू आणि जाऊ. भांडत बसायचं वय राहिलं नाही माझं."

"अगं, मला सांगायचंस तरी! आधी सांगितलं असतंस तर मी..."

"म्हणून नाही सांगितलं."

वकिलांना आठवत होतं, धुकं किती होतं हे आपण विचारलं. गाय असेल म्हणालो. डॉक्टर असेल म्हणालो. ही बाई पळी फिरवत उभी होती आणि बाहेर घोडा जोडलेला होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"ड्रुसिला, मी गाढव आहे."

"ते कॉन्कर्डला सांगा, इथे सगळ्यांना माहितीय," ती म्हणाली, पण तिचाही आवाज ओला होता. "चला, उतरवा आता. मला झेपत नाही. सकाळी चढवताना डॉक्टरीणबाईंना हाताशी घेतलं होतं."

वकील दोरखंडाच्या गाठी सोडायला लागले. "माझ्या घरी नेऊ ना?"

"तुमच्या घरी कशाला? तिथे चूल धूर करते. खानावळीत न्या. सिनेटर झाला असतात तर आले असते हो तुमच्या घरी, मिरवत. डुक्करपाटलानं बायकोकडे राहायला यावं."

तेवढ्यात कॅप्टन सुटका करून घेऊन पडवीकडे आले. त्यांनी पेटी पाहिली, दोघांना पाहिलं, आणि भोळेपणानं म्हणाले, "द्या वकीलसाहेब, एका बाजूनं मी धरतो. तुमचा गुडघा दुखतो."

"नको," वकील म्हणाले. "ही मीच नेणार."

त्यांनी पेटी पाठीवर घेतली आणि भर रस्त्यातून, सगळ्या गावासमोर, रेंद्यातून वाट काढत खानावळीकडे निघाले. लोक हसत होते, टोप्या हलवत होते, कोणी 'हुर्र्' करत होते. वकिलांना ते ऐकू येत होतं, पण त्यांचं सगळं लक्ष पाठीवर होतं. पेटी भयंकर जड होती. बाईनं खरोखरच मागे काही ठेवलं नव्हतं.